सगळे नाईक एकाच घरातले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आम्ही वेंगुर्ल्याजवळचे नाईक, दोन पिढ्या डोंबिवलीत. माझ्या ऑफिसात आणखी दोन नाईक आहेत. एक पुसदचा बंजारा, दुसरा नवसारीचा गुजराती. आमचे काका प्रत्येक लग्नात सांगतात की आपण बहिर्जी नाईकांचे वंशज. हे सगळे नाईक मुळात एकच का? आणि आमचं मूळ शोधायचं तर सुरुवात कुठून करू?’

मी मोडी वाचतो आणि लोकांच्या वंशावळी लावून देतो. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांच्याकडूनही असेच प्रश्न येतात, पण नाईकांइतका गुंता कुणाचा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. तुमचं आणि त्या दोघांचं रक्ताचं नातं असण्याचं काही कारण नाही. नाईक हे कुळाचं नाव नव्हे, तो हुद्दा किंवा मान. ज्याच्या मागे दहा माणसं चालायची तो नाईक, मग ती माणसं शिपाई असोत, बैल हाकणारी असोत, नाहीतर गावची रखवाली करणारी. म्हणून कुणी नाईक वंशावळ घेऊन आला की मी आधी एवढंच विचारतो, ‘नाईक ते झालं, त्याच्या आधी तुम्ही कोण?’ बऱ्याच घरांत याला उत्तर असतं, फक्त ते कुणी विचारलेलं नसतं.

शिवकाळातल्या पायदळात नाईक हा सगळ्यात खालचा अधिकारी. त्याच्या हाताखाली नऊ-दहा पाईक. पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. म्हणजे फौज जेवढी मोठी, तेवढे नाईकही जास्त, आणि ते सगळे एका जातीचे असणं शक्यच नाही. इंग्रजांनी हा हुद्दा आपल्या पलटणींत तसाच ठेवला. आजही आपल्या लष्करात शिपायानंतर लान्स नाईक, मग नाईक, मग हवालदार अशी चढण आहे. नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात. यातून होणारा घोटाळा आधीच सांगून ठेवतो. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कागदोपत्री ते ‘नाईक यशवंत घाडगे’. लोक त्यांना बिनदिक्कत नाईक घराण्यात बसवतात. ते घाडगे. नाईक हा त्यांचा पलटणीतला हुद्दा होता, मराठा लाइट इन्फंट्रीतला.

तीनशे वर्षांपूर्वीही नेमकं हेच चालायचं. फरक इतकाच की तेव्हा हुद्दा मुलाकडे जायचा, नातवाकडे जायचा आणि मूळ आडनाव हळूहळू घराबाहेर पडायचं.

उमाजी नाईकांचं उदाहरण घ्या. पुरंदरच्या पायथ्याचं भिवडी हे त्यांचं गाव. इंग्रजांनी १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी दिली. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. त्यांचं आडनाव खोमणे. रामोशी समाजात गडाची, गावाची रखवाली परंपरेने आलेली, त्यामुळे नाईकीचा मानही घराघरांत. आज त्या समाजातली कितीतरी कुटुंबं शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘नाईक’ लावतात, तर त्यांचेच भाऊबंद पलीकडच्या वाडीत खोमणे, चव्हाण, जाधव लावतात. सोयरीक ठरवताना मात्र म्हातारी माणसं नाईक धरतच नाहीत, आतलं कूळ विचारतात. तेच बरोबर आहे.

आता पुरंदरहून बारामतीला या. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे नाईक ब्राह्मण, आडनाव जोशी, धंदा सावकारीचा. पेशवाईत मोठ्या सावकारालाही नाईक म्हणत, कारण मुनीम, कारकून, हुंड्या नेणारे जासूद असा मोठा बारदाना त्याच्या मागे असायचा. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई याच घरात दिली होती, म्हणजे हे पेशव्यांचे व्याही आणि वर पेशव्यांचे सावकारही. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले तेव्हा रघुजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. मग नाईकांनी आपल्या कर्जाचा तगादा लावला आणि पेशव्यांच्या बाजूच्या पुरंदऱ्यांना मध्ये पडून ते निभावून न्यावं लागलं. याच नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत बारामतीत राहिले, पुराण सांगायला. आर्या लिहिणारा पराडकर कवी, आश्रयदाता जोशी, आणि गाव त्या वाड्याला ओळखतं नाईकांचा म्हणून.

या घराण्याचे उल्लेख वाचताना मला नेहमी गंमत वाटते. तोच माणूस कुठे ‘बाबूजी नाईक’, कुठे ‘बाबूजी नाईक जोशी’, कुठे ‘बारामतीकर’. लिहिणाऱ्याच्या लेखी तिन्ही बरोबर. माणूस कोण, त्याचा मान कोणता, राहतो कुठे, एवढं कळलं की काम भागलं. आडनाव म्हणून एकच शब्द कायमचा चिकटवायची गरज इंग्रजी राजवटीत आली. शाळेचं रजिस्टर, पलटणीची भरती, जमिनीची मोजणी, कोर्टाचा दावा, सगळीकडे एकेक रकाना आणि त्या रकान्यात एकच शब्द. कारकुनाने विचारलं, ‘आडनाव?’ समोरच्याने जे गावात चालत होतं ते सांगितलं. एका भावाने ‘नाईक’ सांगितलं, दुसऱ्याने ‘जोशी’, तिसरा नोकरीला परगावी गेला त्याने गावावरून ‘-कर’ लावलं. एकाच घराची तीन आडनावं व्हायला एवढं पुरतं.

तुमच्या पुसदच्या सहकाऱ्याची गोष्ट यातलीच. बंजारा तांड्याचा प्रमुख तो नाईक, त्याच्या जोडीला कारभारी. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांवर लादून तांडा मुलूखभर फिरायचा, लष्करांना रसद पुरवायचा. वाट कोणती धरायची, मुक्काम कुठे, भांडण झालं तर न्याय काय, हे सगळं नाईकाच्या शब्दावर. वसंतराव नाईक याच परंपरेतले. पुसद तालुक्यातल्या गहुलीला त्यांचा जन्म, १ जुलै १९१३. घराचं मूळ आडनाव राठोड, तांड्याची नाईकी घराकडे आली म्हणून नाईक. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुख्यमंत्रिपद सांभाळलं. आपण त्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळतो. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही बंजाऱ्यांची मोठी गोत्रं, त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याला विचाराल तर यांतलंच एखादं नाव तो चटकन सांगेल. त्याला ते शोधावं लागत नाही, कारण त्यांच्यात लग्नं त्यावरच जुळतात.

फलटणच्या निंबाळकरांनी तिसरीच वाट धरली. त्यांनी नाईकही ठेवलं आणि निंबाळकरही, म्हणून ‘नाईक निंबाळकर’. त्याच्याही मागे पवार कूळ आहे, असं ते घराणं स्वतः सांगतं. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई याच घरातल्या. जोडआडनाव टिकवलेली अशी घरं माझ्यासारख्याला फार सोयीची. पाटी वाचली की निम्मं काम झालं.

डोंगरात गेलात तर महादेव कोळ्यांचे नाईक भेटतील. जावजी बांबळे हे अठराव्या शतकातलं ठळक नाव, आडनाव बांबळे, मान नाईकाचा. सातपुड्यात भिल्लांचे नाईक. खाज्या नाईक त्यांतले, सेंधव्याच्या घाटाची राखण करायचे, १८५७ च्या उठावात इंग्रजांवर उलटले. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला त्यांची मोठी लढाई झाली. मराठवाड्यात हटकरांचे नोवसाजी नाईक, १८१९ मध्ये नोव्ह्याच्या गढीत वेढ्याला तोंड देणारे. यांची एकमेकांशी सोयरीक नाही, कुलदैवतं वेगळी, भाषाही थोड्याफार वेगळ्या. आणि गुजरातच्या सीमेला नायकडा किंवा नायका नावाची एक अख्खी जमातच आहे, महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ती आहे. तिथले लोकही आडनाव नायक-नाईक लावतात.

महार समाजातल्या जुन्या नावांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. शिदनाक, रायनाक ही नावं तुम्ही ऐकली असतील. भीमा-कोरेगावच्या स्तंभावरही ‘नाक’ शेपूट असलेली नावं कोरलेली आहेत. हा ‘नाक’ म्हणजे नायकच, असं बरेच अभ्यासक मानतात. नागवरून आला असं सांगणारेही आहेत. मला पहिलं पटतं, कारण शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींचं नावही तसंच, आणि तिथे नायक हाच अर्थ बसतो. म्हणजे हा मान ठरावीक जातींपुरता नव्हता. ज्याने माणसं पुढे नेली त्याच्या नावाला तो लागला.

नवसारीचे नाईक बहुधा अनाविल ब्राह्मण. दक्षिण गुजरातेतली ही जमीनदार-शेतकरी जात, देसाई आणि नाईक ही त्यांची ठळक आडनावं. मोरारजी देसाई अनाविल, लार्सन अँड टुब्रोचे अनेक वर्षं प्रमुख असलेले अनिल मणिभाई नाईकही अनाविल. मुंबईत राहून, मराठी बोलून, नाईक आडनाव लावून यांना लोक हमखास मराठी समजतात. ते हसून सोडून देतात.

दक्षिणेकडे तर नायक म्हणजे राजे. विजयनगरचे सुभेदार पुढे मदुरै, तंजावर, जिंजी, केळदी इथे स्वतंत्र झाले. तंजावरचे नायक गेले आणि त्यांच्या जागी भोसल्यांची, व्यंकोजीराजांची गादी आली, एवढाच त्यांचा आपल्या इतिहासाशी थेट धागा. तुमच्याशी तेवढाही नाही. आडनावं जुळली म्हणून आपण मदुरैच्या राजांचे, असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

काही वर्षांपूर्वी एका ज्ञातिमंडळाने ‘थोर नाईक’ अशी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि नावांची यादी माझ्याकडे नजरेखालून घालायला दिली. मंडळ एका जातीचं, यादीत मात्र सात-आठ जाती. उमाजी नाईक होते, वसंतराव होते. शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक होत्या. बाबासाहेबांचे सहकारी, ‘जनता’ पत्राचे संपादक देवराव नाईक होते. सांगलीत जन्मलेले, पुढे पेट्रोलियम मंत्री आणि उत्तर प्रदेशचे राज्यपाल झालेले राम नाईक होते. गोव्याचे मुख्यमंत्री झालेले रवी नाईक होते. आणि सुधीर नाईक होते. क्रिकेटच्या जुन्या मंडळींना ते आठवतील. १९७०-७१ मध्ये मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडिजला गेले असताना उरलेल्या पोरांना घेऊन रणजी करंडक जिंकणारे, अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवणारे कर्णधार. एकदिवसीय क्रिकेटमधला भारताचा पहिला चौकारही त्यांचा, आणि वानखेडेची खेळपट्टीही नंतर त्यांच्याच हाताखाली. मी मंडळाला म्हटलं, यादी उत्तम आहे, छापा, फक्त वर ‘आपल्या घराण्याचे’ असं लिहू नका. स्मरणिका निघालीच नाही. अर्धी नावं वगळली तर पानं भरेनात आणि सगळी ठेवली तर कार्यकारिणीत वाद.

आता तुमच्या घराकडे वळतो. वेंगुर्ल्याचे म्हणालात, पण जात सांगितली नाहीत. बरंच केलंत, कारण नुसत्या आडनावावरून मला ती सांगता येणार नाही. त्या पट्ट्यात भंडारी नाईक आहेत, गौड सारस्वत नाईक आहेत, मराठा नाईक आहेत. दोन घरं एकाच पाणंदीवर, एकाच आडनावाची आणि कुळाने पार वेगळी, हे तिथे रोजचं आहे. कोकणी मुसलमानांतही नाईक आहेत. सारस्वतांत काही घरं नाईक लिहितात, काही नायक. कारवार-मंगळूरकडे गेलेल्यांत ‘नायक’ जास्त. गोव्यात पोर्तुगीज कागदांत याच आडनावाच्या शेवटी रोमन ‘क्यू-यू-ई’ असते, आणि आजही काही घरं तसंच लिहितात. तेव्हा जुना कागद शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका.

कोकणात जोडआडनावं पाहा: नाईकधुरे, नाईकसाटम, नाईकगांवकर. यांत दुसरा भाग म्हणजे खरं कूळ किंवा गावातलं स्थान. तुमच्या घरातही असं काही गळून पडलं असण्याची शक्यता बरीच. एका ठाण्याच्या कुटुंबाचं काम माझ्याकडे आलं होतं. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे नाईक. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं. आजोबांच्या नावापुढे नाईक, पण त्यांच्या थोरल्या भावाच्या नोंदीत आधी ‘नाईक परब’ लिहिलेलं, मग ‘परब’वर बारीक आडवी रेघ. रेघ वेगळ्या शाईची, बाजूला मास्तरांची आद्याक्षरी सही. धाकटा शाळेत आला तोवर परब गेलेला. त्या एका रेघेमुळे घरात किती पिढ्या चाललेला ‘आपण नक्की कोणाचे’ हा वाद मिटला, कारण गावात परबांचं मूळघर अजून उभं होतं आणि तिथल्या म्हाताऱ्याने मुंबईला गेलेल्या फांदीची नावं धडाधड सांगितली.

तेव्हा सुरुवात घरातून करा आणि घरात बायकांपासून करा. पुरुष पराक्रम सांगतात, बायका देवाधर्माचं सांगतात, आणि वंशावळीला दुसरंच जास्त उपयोगी. आजीला, मोठ्या काकूला, माहेरवाशीण आत्येला विचारा: कुलदैवत कोणतं, नवरात्र कसं बसवतात, लग्नात देवक कशाचं, कुणाच्या घरी मुलगी द्यायची नाही असं सांगितलं होतं. ‘त्यांच्यात देत नाहीत, ते आपलेच’ हे वाक्य कानावर पडलं की ताबडतोब लिहून घ्या. आडनाव वेगळं असलं तरी तो बहुतेक वेळा तुमचा भाऊबंद. उलट नाईकांच्यात नाईकांची मुलगी येणं अगदी चालतं, कूळ वेगळं असेल तर. सासर-माहेर दोन्हीकडे नाईक असलेल्या बायका कोकणात कमी नाहीत. बँकेत नाव बदलायचा त्रास वाचतो तेवढाच.

मग गावाला जा, शक्यतो जत्रेला किंवा शिमग्याला. कोकणातली गावऱ्हाटी म्हणजे चालताबोलता दप्तरखाना. ग्रामदेवतेच्या देवळात पहिला मान कुणाचा, पालखीला खांदा कुणी द्यायचा, नारळ कुणाच्या नावाने, बारापाचाच्या, म्हणजे गावऱ्हाटीतल्या ठरलेल्या मानाच्या घरांत तुमचं घर येतं की नाही, हे पाहिलं की घराचं गावातलं जुनं स्थान कळतं. वेंगुर्ल्याची सातेरी असो की तुळसचा जैतीर, मानकऱ्यांची आठवण लांबची असते. तुमचं मूळघर कुठलं हे गुरवाला विचारा. माझा अनुभव असा की तलाठ्याच्या आधी गुरव सांगतो.

कुलदैवत गोव्यातलं निघालं तर शोध सीमेपलीकडे जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळात साष्टीतले देव अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा महालात, हलवले गेले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवांच्या मागोमाग माणसं पांगली, काही सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आली, काही कारवारकडे गेली. अशा देवस्थानांकडे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानात हक्क असलेल्या घराण्यांच्या, याद्या असतात. त्यांत घराण्याचं नाव, गाव आणि कधी कधी गोत्र सापडतं. गोव्यातल्या गांवकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादची, कागदपत्रं आणि पणजीचं पुराभिलेखागार ही पुढची पायरी. तिथे पोर्तुगीज वाचणारा माणूस सोबत लागेल.

घाटावरच्या नाईकांना सांगतो ते तुम्हालाही थोडंफार लागू आहे. सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार काढा. वारस-नोंदीच्या फेरफारात सगळ्या भावांची नावं एकत्र येतात, आणि बहिणींचीही. तालुक्याच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं असतात, बरीचशी मोडीत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या खापरपणजोबांची सहीसुद्धा मिळू शकते, मात्र तिथे जाताना आडनावाबरोबर गावाचं नाव सांगा, वह्या गावावरून लावलेल्या असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. घराला वतन-इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, काही सापडायची आशा धरा. वतन नसेल तर तिथे महिने घालवू नका, हा फुकटचा सल्ला.

काकांच्या बहिर्जी नाईकांबद्दल. बहिर्जी हे महाराजांचे हेर हे सगळ्यांना माहीत. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रकरणात बहिर्जी जासूद येतो. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. पण त्यांच्यापासून आजच्या एखाद्या घरापर्यंत पिढी-दर-पिढी पोचणारा कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही. ज्या कामाचं यशच नाव लपवण्यात, त्या माणसाची वंशावळ सापडत नाही यात नवल ते काय! शिवाय बाणूरगड कुठे आणि वेंगुर्लं कुठे. काकांना दुखवू नका, पण वंशावळीत शाईने लिहूही नका. ‘असे सांगतात’ म्हणून पेन्सिलीने बाजूला टिपा आणि पुढे चला.

हीच गोष्ट मोबाइलवर फिरणाऱ्या ‘कुळी आणि आडनावं’ याद्यांची. नाईक म्हणजे अमुक वंश, तमुक गोत्र, असा ठोकताळा देणारी यादी सरळ पुसून टाका. नाईकला गोत्र नसतं, नाईक लावणाऱ्या घराला असतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जातीच्या दाखल्याची किंवा पडताळणीची वेळ आली तर आडनाव एक असल्याचा काहीही उपयोग होत नाही. समितीपुढे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि त्यातल्या प्रत्येक माणसाचा जुना पुरावा लागतो. नाईक आडनावाच्या अर्जांत तपासणी आणखी बारीक होते, कारण खुल्या प्रवर्गापासून अनुसूचित जमातीपर्यंत सगळीकडे हे आडनाव आहे. नावापुरतं जुळणाऱ्या दुसऱ्या नाईकांचं वैधता प्रमाणपत्र ‘आमचे चुलत’ म्हणून जोडायचा सल्ला एखादा एजंट देईल. देऊ दे. तसं केलंत तर त्यांचाही दाखला अडचणीत येईल आणि तुमचाही. तुमच्या शाळेच्या नोंदीत जात स्पष्ट नसेल तर आजोबांच्या भावांच्या नोंदी काढा, वर सांगितलेल्या ठाण्याच्या घरासारखं काही हाती लागायची शक्यता असते.

राहिली नाईकवरून झालेली इतर आडनावं, कारण शोधताना तीही आडवी येतील. सरनाईक म्हणजे नाईकांचा वरचा. कोल्हापूरने या आडनावाचे गायक निवृत्तीबुवा दिले आणि अभिनेते अरुण सरनाईकही. नायकवडी किंवा नाईकवाडी हे वेगळं, त्यांत वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा. नाईकनवरे आणखी वेगळे. यांना नाईकांची शाखा समजून तुमच्या झाडावर लटकवू नका.

घरच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जुन्या पंचांगांत मोडी कागद सापडला तर त्याला लॅमिनेशन करू नका. दुकानदार प्रेमाने करून देतो आणि कागद कायमचा जातो. उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, फ्लॅश नको. मागच्या बाजूचाही फोटो घ्या, ती कोरी दिसली तरी. शेरे, तारखा, कुणाच्या हाती कागद दिला त्याचं नाव, हे बहुतेक वेळा पाठीवर असतं आणि आडनावाचा गळलेला भाग मला तिथेच जास्त वेळा सापडलाय. कडेला एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. कागद कुणाच्या घरात, कुठल्या ट्रंकेत, आणखी कशाबरोबर मिळाला, हेही त्याच दिवशी लिहून ठेवा. हे एवढं घेऊन आलात की पुढचं वाचन मी करून देईन.